मी गाळलेलं नाव

येन्स गेल्याचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. फोन त्याच्या घरमालकीणबाईंचा होता. "सर, तुमचे बोरवाले साहेब गेले बघा. आत्ताच दवाखान्यातून निरोप आला. चावी माझ्याकडं हाय, तुम्ही या." गालावरचा साबण पुसून तसाच निघालो. दुपारी छावणीतल्या ख्रिस्ती दफनभूमीत त्याला माती दिली. त्याच्यासोबत बोरच्या गाडीवर काम केलेले आठ-दहा जण पाचोडकडून जीप करून आले होते. खड्ड्यात डोकावून त्यातला एक म्हणाला, "दोन फुटांवर मुरूम लागलाय. साहेब असते तर म्हणले असते, सरका, इथं पाणी नाय." सगळे हसले. दुसऱ्या दिवशी पेपरात चौकट आली. तिच्यात येन्सचं वय चुकलं होतं, आडनाव चुकलं होतं, आणि 'महायुद्धात जर्मनांना फितूर झालेल्या गद्दाराला त्याच्याच दुकानात गोळी घालणारा डॅनिश क्रांतिवीर' असं एक वाक्य होतं. वय आणि आडनाव ही पेपरवाल्यांची करणी. ते वाक्य मात्र माझं. बारा वर्षांपूर्वी भर सभेत मी ते येन्सच्या तोंडी घातलं, आणि ते खोटं आहे. इतक्या वर्षांत मी ते दुरुस्त करायला हवं होतं. केलं नाही. आज पाच आठवड्यांनी लिहायला बसलोय ते त्यासाठी. कौतुकाचे लेख हवे असतील तर इतरांनी लिहिलेले दोन-तीन आहेत, छान आहेत.

बहात्तरच्या दुष्काळात बोर पाडायची यंत्रं घेऊन परदेशी माणसांची एक तुकडी आपल्याकडे आली, तिच्यात येन्स होता. सत्तेचाळीस वर्षांचा, ताडमाड उंच, कान उन्हानं कायम लालभडक. मी तेव्हा औरंगाबादेत इंग्रजीचा नवाकोरा प्राध्यापक. कॉलेजला सुट्टी होती, आणि इंग्रजी येणारा पण पाचोडकडची बोली कळणारा दुभाष्या हवा म्हणून मला त्याच्या गाडीत बसवलं. आमचं गाव पाचोडच्या पलीकडे, त्यामुळे पहिला मुक्काम तिथंच पडला. येन्स मराठी शिकला तो तिथल्या शेतकऱ्यांकडून. त्यामुळे त्याच्या तोंडी लई, व्हय, नाय असलंच सगळं, आणि समोर कलेक्टर असला तरी 'तू'. तो तोंड उघडायचा आणि लोक खदखदून हसायचे. प्रेमानंच हसायचे, पण हसायचे. दोनशे फूट कोरडा गेलेल्या बोरशेजारी उभा राहून तो गंभीर चेहऱ्यानं म्हणायचा, "पाणी नाय. मला लई वाईट वाटतं," आणि ज्यांच्या घरात प्यायला पाणी नव्हतं ती माणसं पोट धरून हसायची. दोन-चार वेळा असं झाल्यावर तो मला म्हणाला, वाईट बातमी यापुढे तू सांगायची, मी मराठीत सांगितली की तिचा तमाशा होतो. तेव्हापासून वाईट बातम्या माझ्या गळ्यात आल्या. आणि मी त्या कापूनछाटून द्यायला लागलो. एखादा शेतकरी दोन मिनिटं येन्सच्या खानदानाचा उद्धार करायचा, मी इंग्रजीत सांगायचो, ते जरा नाराज आहेत. येन्स भुवई वर करून विचारायचा, "तो एवढा बोलला. बाकीचं कुठं गेलं?" मला यात गंमत वाटायची. भांडणं टाळतोय, पुण्याचं काम करतोय, अशी माझी समजूत.

बोर कुठं पाडायचा हे ठरवायची येन्सची एक पद्धत होती आणि तिच्यापायी रोज कटकट व्हायची. गावातला पाणाड्या तळहातावर नारळ आडवा ठेवून रानातून चालायचा. नारळ जिथं उभा राहील तिथं पाणी. गावाचा त्याच्यावर देवासारखा विश्वास. येन्स त्याला कधी नाही म्हणाला नाही. म्हणायचा, तिथं दगड ठेव. मग त्याला लांब झाडाखाली बसवून दुसऱ्या कुणाला तरी बोलवायचा, बहुतेक वेळा पाणी वाहून पाठ वाकलेली एखादी म्हातारी, आणि तिला विचारायचा, उन्हाळ्यात गवत सगळ्यात शेवटी कुठं वाळतं? तिचा दुसरा दगड. तिसरा दगड आणखी कुणाचा तरी. तिघांना एकमेकांचं कळू द्यायचं नाही. दोन दगड जवळजवळ पडले तरच मशीन लावायची, नाहीतर पुढचं रान. आमच्या गावात माझे वडील, अण्णा, यावरून भडकले. अण्णा म्हणजे निजामाच्या काळात सरहद्दीवरच्या कॅम्पातून निरोप आणणारे-नेणारे, जकातनाका जाळणाऱ्यांतले एक, गावात त्यांच्या शब्दाला वजन. ते म्हणाले, "एका माणसाच्या शब्दावर इथं पोरींची लग्नं ठरतात. अन् ह्याला भोक पाडायला तीन माणसं लागतात व्हय?" मी हे बरंच सौम्य करून सांगितलं. येन्स इंग्रजीत म्हणाला, "एका माणसाच्या शब्दावर मी पुन्हा काही करणार नाही." मी अण्णांना सांगितलं, "साहेब म्हणतात, त्यांच्यात अशी पद्धत आहे." त्या 'पुन्हा'कडे माझं लक्षसुद्धा गेलं नाही.

दुष्काळ सरला, तुकडी गेली, येन्स मात्र राहिला. का राहिलास म्हणून विचारलं की हातपंप बिघडतात म्हणायचा. उस्मानपुऱ्यात दोन खोल्या भाड्यानं घेऊन तो तालुक्यातले हातपंप दुरुस्त करत फिरायचा. दर वर्षी मे महिन्याच्या चार तारखेला तिन्हीसांजेला तो खिडकीत ओळीनं मेणबत्त्या लावायचा. आपल्याकडचा मे, वारा लागला की मेणबत्त्या विझतात म्हणून पंखा बंद, आणि हा घामानं निथळत त्यांच्यासमोर बसलेला. पहिल्या वर्षी घरमालकीणबाई धावत आल्या होत्या, "अहो, लाईट तर हाय की! फ्यूज उडाला का तुमचा?" मी खोदून विचारलं तेव्हा कळलं. त्याच्या देशावर जर्मनांनी पाच वर्षं कब्जा केला होता. रात्री खिडक्यांना काळे पडदे लावायची सक्ती. ज्या संध्याकाळी लंडनच्या रेडिओवर सुटकेची बातमी आली, त्या संध्याकाळी लोकांनी पडदे फाडून खिडक्यांत मेणबत्त्या लावल्या. आणि हा गडी त्या पाच वर्षांत भूमिगत होता. पत्रकं छापायचा, सायकलवरून निरोप न्यायचा, रूळ उखडायचा. हे ऐकून मी नुसता उडालो. हे तर सगळं अण्णांचं! मी स्वतः आयुष्यात परीक्षेचे पेपर तपासण्यापलीकडे पराक्रम केलेला नाही. वडील क्रांतिकारक, मित्रही क्रांतिकारक, आणि मधे मी, असं चित्र मला फार आवडलं. सतरा सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनाला, आमच्या कॉलेजात स्वातंत्र्यसैनिकांचा सत्कार असतो. येन्सनं तिथं बोललंच पाहिजे असा मी धोशा लावला. दहा-बारा वर्षं तो नाही म्हणत राहिला, आणि मी सोडलं नाही. शेवटी एकदा म्हणाला, "बोलतो. पण इंग्रजीत. मराठीत बोललो की हसतात, आणि हे हसण्यासारखं नाही. तू मराठीत सांगायचं. मी बोलेन ते सगळं." मी म्हटलं, सगळं म्हणजे काय, सगळंच.

हॉल भरला होता. पहिल्या रांगेत अण्णा, नुकतीच मिळालेली शाल अंगावर, मांडीवर नारळ. येन्स एक वाक्य बोलायचा, थांबायचा, मी मराठीत आणायचो. पत्रकं, सायकल, रूळ इथवर मी अगदी रंगात आलो होतो. मग तो म्हणाला, आमच्यातल्या एकानं सांगितलं की आमच्या गल्लीतला घड्याळं दुरुस्त करणारा जर्मनांना आमची नावं देतो. मी सांगितलं. तो म्हणाला, आम्ही दुसऱ्या कुणालाही विचारलं नाही. मी एकोणीस वर्षांचा होतो. मी दुकानात गेलो, तो डोळ्याला भिंग लावून घड्याळावर वाकला होता, मी त्याला गोळी घातली. तेही मी सांगितलं. मग येन्स म्हणाला, "युद्ध संपल्यावर कळलं, त्या माणसानं कुणाचंही नाव कधीही दिलं नव्हतं. मी एका निरपराध माणसाला मारलं." आणि माझ्याकडे बघत थांबला. मी समोर बघितलं. शिकवलेली पोरं, प्राचार्य, मागे भिंतीवर झेंडूच्या माळा. आठ दिवस मी सगळ्यांना सांगत होतो, असा माणूस आणतोय की बघत राहाल. खरं सांगतो, मला त्या क्षणी येन्सचा राग आला. इतकी जुळवाजुळव करावी आणि ह्या बाबानं ऐन वेळी पाटावरून उठावं! मी माईक ओढला आणि म्हणालो, "आणि अशा रीतीनं त्या गद्दाराचा शेवट झाला." टाळ्यांचा कडकडाट झाला. येन्स टाळ्या थांबेपर्यंत उभा राहिला. मग त्यानं एक नाव घेतलं, त्या घड्याळवाल्याचं, आणि त्याच्याविषयी दोन-तीन वाक्यं सांगितली. मी म्हणालो, "साहेब त्या काळातल्या सर्व हुतात्म्यांना आदरांजली वाहतात." पुन्हा टाळ्या. त्याला मराठी कळत होतं. प्रत्येक अक्षर कळत होतं.

त्याला स्कूटरवर मागे बसवून घरी सोडायला निघालो. क्रांती चौक आला. सिग्नलला थांबलो तेव्हा माझ्या खांद्यावरून त्याचं मराठी आलं, "तू कापलं." मी म्हटलं, अरे, तिथं ते सांगण्यासारखं नव्हतं, लोकांचा गैरसमज झाला असता. "तू कापलं," तो म्हणाला. "तूच जोड. मी नाय." पुढच्या सतरा सप्टेंबरला सांगतो असं मी कबूल केलं. पुढच्या सतरा सप्टेंबरला प्राचार्य बदलले होते. त्याच्या पुढच्या वर्षी एका मंत्र्याला यायचं होतं. मग एकदा माझा घसा बसला, म्हणजे मी बसवला. दर वर्षी येन्स विचारायचा, सांगितलं? मी नाही म्हणायचो. तो "बरं" म्हणायचा आणि चहा प्यायचा. ह्या 'बरं'नं मला बेजार केलं. तो भांडला असता, माझं तोंड बघायचा बंद झाला असता, तर मलाही तोंड फिरवून बसता आलं असतं. पण हा बहाद्दर दर रविवारी नियमानं माझ्या घरी. आई गेल्यावर अण्णांना मी शहरात आणलं होतं. हा त्यांच्याजवळ गॅलरीत दोन-दोन तास बसायचा. मला वाटायचं, दोन म्हातारे पाण्यापावसाचं बोलत असतील. एकदा मी चिडून म्हणालोही, "तुला मराठी येतं ना? मग तूच का नाही सांगत सगळ्यांना?" तेव्हा तो म्हणाला, घरमालकीणबाईंना सांगून बघितलं. त्यांना म्हणालो, मी माणूस मारला, लई चुकीचा. त्या पदर तोंडाला लावून हसल्या, म्हणाल्या, साहेब तुम्ही पण ना! आणि आत जाऊन पोहे घेऊन आल्या. येन्सनं ते पोहे खाल्ले म्हणे.

दवाखान्यात शेवटचा भेटलो तेव्हा त्याला धाप होती. त्यानं विचारलं नाही या वेळी, नुसतं बघितलं. मी म्हटलं, "या सप्टेंबरला नक्की." त्याचे ओठ हलले. 'बरं'च म्हणाला असेल... तो गेल्यावर पंधरा दिवसांनी शोकसभा झाली. मागे कापडी फलकावर तेच पेपरातलं वाक्य, मोठ्या अक्षरांत. पाचव्या वक्त्यानंही तेच ऐकवलं तेव्हा माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी उठलो, माईक घेतला आणि म्हणालो, "तो माणूस गद्दार नव्हता. येन्सनं स्वतः तसं सांगितलं होतं. खोटं मी बोललो." कुजबुज झाली. एका बाईंनी जागेवरूनच विचारलं, "मग कोण होता तो? नाव काय त्याचं?" मी तोंड उघडलं, आणि नाव आठवेना. येन्सनं ते नाव माझ्या शेजारी उभं राहून, माईकवरून, स्वच्छ घेतलं होतं. पुढचं वाक्य काय ठोकून द्यायचं याच्याच विचारात मी होतो. नाव या कानानं आत आलं आणि त्या कानानं गेलं. पुन्हा विचारायची छाती मला बारा वर्षांत झाली नाही. अध्यक्षांनी हळूच माझ्या हातून माईक काढून घेतला. "सर फार भावुक झाले आहेत," ते म्हणाले. "जुने स्नेही ना..." दोन मिनिटं मौन पाळून सभा संपली. बाहेर पडताना एक जण मला म्हणाला, सर, जाऊ द्या, माणूस गेला, आता कशाला उकरायचं?

मी त्याच्या दोन्ही खोल्या उलथ्यापालथ्या केल्या. घरमालकीणबाई दारात उभ्या राहून डोळे पुसत होत्या. पाने, हातपंपाचे चामडी वायसर, गावांचे हातानं काढलेले नकाशे, एक स्वेटर जो औरंगाबादेत कुणाला कधी लागला नसेल. पत्र एक नाही, डायरी नाही. भूमिगत राहिलेल्या माणसाची खोड, कागद ठेवायचा नाही. मला त्याचा असा संताप आला! एक चिठ्ठी लिहून ठेवायला काय झालं होतं? मी निगरगट्ट निघालो हे त्याला दिसत होतं ना? मग माझ्या भरवशावर एका माणसाचं नाव का सोडून गेला? बाईंनी पाणी आणून दिलं. ते पिऊन मी कुलूप लावलं आणि घरी आलो.

अण्णा गॅलरीत बसले होते. ऐंशीला आलेत, डोळ्यांनी अधू, कान मात्र तिखट. मी समोर बसलो आणि सांगून टाकलं. सभा, टाळ्या, बारा वर्षं, सगळं. वाटलं, काठी उगारतील. ते शांतपणे म्हणाले, "ठावं हाय मला. त्यानं त्याच आठवड्यात सांगितलं व्हतं."

"मराठीत?"

"मग काय विंग्रजीत? त्याला यायचं तसं सांगितलं."

"तुम्हाला हसू नाही आलं?"

"हसू कशाचं येतंय? मला वाटलं, ह्यो माझंच सांगायलाय." अण्णा म्हणाले. "तू कवा सांगतो ते बघत व्हतो. बारा वर्सं बघितलं."

मी विचारलं, "त्या घड्याळवाल्याचं नाव सांगितलं होतं का त्यानं?"

"विग्गो," अण्णा म्हणाले. शेजारच्या घरातल्या माणसाचं सांगावं तसं. "दोन पोरी व्हत्या त्याला. लढाई सरल्यावर साहेब त्याच्या घरी गेला व्हता. बायकोनं दार उघडलं, ह्यानं सांगितलं, मी मारलं, चुकून मारलं. तिनं दार लावून घेतलं. जा, वही आण. लिव्ह."

मी वही आणली, लिहिलं, वाचून दाखवलं. येन्सनं विग्गो नावाच्या घड्याळ दुरुस्त करणाऱ्या एका निरपराध माणसाला मारलं. विग्गोनं कुणाचंही नाव कधीही दिलं नव्हतं. अण्णांनी मान हलवली. "आता माझं लिव्ह," ते म्हणाले.

"तुमचं काय, अण्णा?"

"आपल्या गावात हुसेन शिंपी व्हता. तू पाळण्यात व्हतास तवा. पोलीस अ‍ॅक्शन झाली अन् माणसं चवताळली. आपल्या निरोपाची बातमी रझाकारांना कोण देत व्हतं म्हणून मला इचारलं. मला एकानं, एकानंच, हुसेनचं नाव सांगितलं व्हतं. मी बोट दाखवलं. हात नाय लावला मी त्याला... बोट दाखवलं. दिवस मावळायच्या आत तो गेला. अन् वर्सभरानं कळलं, तो त्यातला नव्हताच." अण्णांचा आवाज जरासुद्धा हलला नाही, वर्षानुवर्षं मनातल्या मनात घोकलेलं असावं. "त्या दिवशी सभेत साहेबाचं तू नीट सांगितलं असतंस ना, तर मीबी उठलो असतो. शाल बाजूला ठेवून उठलो असतो. हुसेनचा भाऊ तवा जित्ता व्हता. शहागंजात ऱ्हायचा. त्याच्या कानावर गेलं असतं. आता तोबी नाय."

एका वाक्याला कात्री लावली असं समजत होतो. खाली मान घालून लिहायला लागलो. हुसेन शिंपी रझाकारांचा माणूस नव्हता. एका माणसाच्या सांगण्यावरून त्याच्याकडे बोट दाखवलं गेलं आणि त्याचा जीव गेला.

"वाच," अण्णा म्हणाले. मी वाचलं.

"दाखवलं गेलं म्हंजे? कुणी दाखवलं?"

माझं पेन थांबलं.

"परत कापाय लागलास," अण्णा म्हणाले.

मी खोडलं आणि लिहिलं, बोट माझ्या वडिलांनी दाखवलं. वाचून दाखवलं.

"वडील काय नाव असतं व्हय?" ते म्हणाले. "त्या दोघांची नावं लिव्हली ना? मग माझंबी लिव्ह."

बोट दाखवणाऱ्याचं नाव नारायण विठोबा. लिहून झाल्यावर मी ते त्यांना दोनदा वाचून दाखवलं.